मार्क वन की मॉडर्न
आज सुट्टी होती तर दिवसभर हेडफोन लावून डेक्स्ड घेऊन बसलो, म्हणजे यामाहाच्या १९८३ च्या डीएक्स-७ कीबोर्डची नक्कल करणारा फुकटातला सॉफ्टवेअर सिंथ (आवाज तयार करणारा प्रोग्रॅम). त्यात आवाज बनवणारं इंजिन बदलता येतं, एक २४ बिटवालं मॉडर्न आणि एक मार्क वन, जे जुन्या मशीनच्या जवळ जायला बघतं. पॅच (म्हणजे आवाजाची सेटिंग) तोच, मिडी (म्हणजे वाजवलेल्या सुरांची नोंद) पण तीच. इलेक्ट्रिक पियानोवर आधी काही फरकच कळेना, मग सूर विरतो ना त्या शेपटाकडे कान दिला तर मार्क वनमध्ये बारीक खरखर आणि मॉडर्न एकदम गुळगुळीत.

तासभर मार्क वनच भारी म्हणत बसलो आणि नंतर बघतो तर त्या ट्रॅकचा फेडर (आवाजाची पट्टी) २ डीबी, म्हणजे डेसिबल, वर 😂 मोठा आवाज कानाला चांगलाच वाटतो, माहीत असून फसलो. लेव्हल सारखी केली, एकाचा फेज उलटा करून (म्हणजे लाट उलटी) दोन्ही एकत्र वाजवले, की जे सारखं आहे ते कटून जातं, उरली नुसती फुसफुस. मग बायकोला माऊस देऊन डोळे मिटून कुठलं इंजिन वाजतंय ते ओळखत बसलो, १० पैकी ६ बरोबर, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं.

ट्रॅक मात्र मार्क वनवरच केलाय हां.