तापी उजव्या हाताला ठेवून: दोनशेच्या फेरीची तयारी

मंडळी, दोनशे किलोमीटरच्या सायकल फेरीचा मार्ग अखेर ठरला. जळगावहून निघायचं, बांभोरीला गिरणा ओलांडून पाळधी, धरणगाव, अमळनेर. तिथून उत्तरेला वळून सावखेडा-निमगव्हाणच्या पुलावरून तापीपार, चोपडा. मग सातपुडा डाव्या हाताला ठेवत अडावद, धानोरा, किनगाव, साकळी, यावल. यावलहून पुन्हा तापी ओलांडून भुसावळ आणि घर. साधारण १८५ किलोमीटर. अडावदहून उनपदेवच्या गरम पाण्याच्या कुंडापर्यंत जाऊन आलं की दोनशेच्या घरात जातं.

घाट एकही नाही, मग यात अवघड काय, असं ग्रुपवर दोघांनी विचारलं. अवघड आहे तो वारा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग आणि मधली ही पट्टी पूर्व-पश्चिम पसरलेली. वारा सुटला की याच पट्टीतून वाहतो, आणि आपले रस्तेही नेमके त्याच रेषेत. घाटात चढ संपला की उतार मिळतो. इथे वारा समोरून आला की चाळीस-पन्नास किलोमीटर सुटका नाही.

गेल्या फेब्रुवारीत हे अंगावर घेतलं. तेव्हा फेरी उलटी आखली होती, आधी भुसावळ, यावल आणि मग चोपडा. साकळीपर्यंत ताशी २५चा वेग आरामात होता. अकराच्या सुमारास किनगाव सोडलं आणि पश्चिमेचा वारा सुरू झाला. पाहता पाहता १५वर आलो. त्या दिवशी एक गोष्ट मात्र शिकलो. केळीच्या बागांना वारा अडवायला कडेने शेवरी किंवा गजराज गवत लावलेलं असतं. त्या आडोशात शिरलं की एकदम शांत, अंगाला पाटाच्या पाण्याचा गारवा लागतो. बाग संपली की पुन्हा छातीवर वारा. जिथे आडोसा नाही, तिथे काठच्या केळीची पानं फाटून पार चिंध्या झालेली असतात. आता मी लांबूनच ती पानं बघतो, कोणत्या बाजूला फडफडतायत ते पाहून गिअर आधीच हलका करतो.

म्हणून या वेळी दिशा बदलली. पहाटे पाचला निघून आधी पश्चिमेकडे, वारा पडलेला असताना. ऊन चढतं तेव्हा सूर्यही पाठीमागेच असतो. दुपारी उत्तर काठाने पूर्वेला येताना पश्चिमेचा वारा पाठीशी आणि कलता सूर्यही पाठीशी. कागदावर रेघ ओढली तेव्हा लक्षात आलं, अशा फेरीत तापी सबंध दिवस उजव्या हातालाच राहते. ही तर प्रदक्षिणाच झाली! वाऱ्याचा हिशेब करत बसलो होतो आणि उत्तर हे निघालं. खरं सांगतो, त्या रात्री आनंदाने झोप आली नाही.

जळगाव ते चोपडा हा अर्धा भाग दोन आठवड्यांपूर्वी करून पाहिला. धरणगावच्या पुढे पंक्चर. ट्यूब बदलली, अर्धा किलोमीटर गेलो, पुन्हा पंक्चर. कडेच्या बाभळी छाटून फांद्या तिथेच टाकल्या होत्या. दुसऱ्यांदा टायर पूर्ण काढला आणि आतून कापसाचा बोळा फिरवला. एका जागी कापूस अडकला. तिथे काट्याचं टोक होतं, तिळाएवढं काळं, बोटाला लागतच नव्हतं. चिमट्याने ओढून काढलं. कापूस आणि चिमटा दोन्ही पिशवीत ठेवाच, आपल्या भागात याला पर्याय नाही. टायरही २५ मिमी रुंदीचे बदलून २८चे घेतले. अमळनेरला चहाच्या टपरीवर एका बाबांनी विचारलं, "कथा जाई ऱ्हायना भो?" म्हणजे कुठे चाललास भाऊ. चोपडा म्हटल्यावर त्यांनी आधी बाटल्यांकडे बोट दाखवलं. बरोबरच होतं. दोन बाटल्या अमळनेरपर्यंतच संपल्या होत्या. आता तिथे भरायच्याच, चोपड्यात पुन्हा, आणि एकीत मीठ-साखर-लिंबू.

खाणं साधं. दुधातल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि अडावदच्या पुढे वाटेत मिळतील ती केळी. चोपड्यात शेवभाजीचा मोह टाळायचा. तिखट तर्री पोटात घेऊन उनपदेवचा चढ नको. तो चढ फार नाही, पण शंभरच्या पुढे पायांना जाणवणारच.

वेळेचं गणित बीआरएमचं, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्यांचं धरलंय, २०० किलोमीटरला साडेतेरा तास. थांबे धरून मला अकरा तासांत बसवायचंय.

शेवटचा तुकडा तेवढा बाकी आहे. भुसावळहून सरळ हायवेने आलो तर ट्रकच ट्रक. त्यापेक्षा नशिराबादला हायवे सोडून भादली, असोदे आणि जळगाव. धरणगाव बालकवींचं जन्मगाव, आणि भादली स्टेशनजवळ १९१८ साली रेल्वे अपघातात ते गेले. असोदे तर बहिणाबाईंचं माहेर. दोनशे किलोमीटरच्या शेवटी या गावांतून घरी यायचंय, हायवेवरून नाही. येत्या रविवारी संध्याकाळी पुढचा-मागचा दिवा लावून तो रस्ता बघून येतो. अंधारात खड्डे कुठे आहेत ते कळलं की तारीख टाकतो.