चॅटमच्या गोदीतली 'गॅनेट'

लंडनच्या सेंट पँक्रासहून चॅटमला जायला तासभरही लागत नाही. तिथल्या जुन्या आरमारी गोदीत बहुतेक जण आधी पाणबुडीकडे वळतात. मी मात्र 'एचएमएस गॅनेट'साठी गेलो होतो.

१८७८ साली शीअरनेसला बांधलेली ही १७० फुटी युद्धनौका. तीन डोलकाठ्यांवर शिडं आणि पोटात वाफेचं इंजिन. दूरच्या समुद्रांत कोळसा मिळेलच याचा भरवसा नसायचा, म्हणून शिडं सोडून चालत नव्हतं. आत उतरलं की लोखंडी फासळ्या आणि त्यांना बाहेरून आवळलेल्या सागवानी फळ्या दिसतात. तिथे मी बराच वेळ रेंगाळलो. पाण्याखालच्या भागाला तांब्याचा पत्रा मारला की शेवाळ, कालवं धरत नाहीत. पण खाऱ्या पाण्यात तांबं लोखंडाला टेकलं तर लोखंड झपाट्याने गंजतं. दोघांना दूर ठेवायचं काम सागवानाचं. सागवानाची महती मुंबईकराला वेगळी सांगायला नको: वाडियांनी मुंबईत बांधलेली १८१७ची 'ट्रिंकोमाली' आजही हार्टलपूलला तरंगते आहे.

'गॅनेट' आधी पॅसिफिकमध्ये होती, मग तांबड्या समुद्रात गुलामांची ने-आण रोखायला. १८८८मध्ये वेढा पडलेल्या सुआकिन बंदराच्या बचावासाठी तिच्या तोफा धडाडल्या. प्रत्यक्ष लढाई तिने पाहिली ती एवढीच.

पण मला तिचं निवृत्तीनंतरचं आयुष्य जास्त भावलं. इंजिन, बॉयलर काढून तिची लंडनमध्ये कवायतीची नौका झाली, नावही बदलून 'प्रेसिडेंट' ठेवलं. १९१३पासून हॅम्बल नदीत ती 'मर्क्युरी' या नाविक शाळेच्या मुलांची झोपायची जागा. शाळा चालवायचे सी. बी. फ्राय, ससेक्सकडून रणजींबरोबर खेळलेले तेच क्रिकेटपटू, आणि त्यांच्या पत्नी बीट्रिस. शिस्तीचा खरा धाक बाईंचाच. १९६८मध्ये शाळा बंद पडेपर्यंत मुलांच्या कित्येक पिढ्या या नौकेत झोपल्या.

चॅटममध्ये तिची पुनर्बांधणी झाली ती १८८८चं रूप समोर ठेवून. डोलकाठ्या, दोरखंड, तोफा सगळं देखणं झालंय, कारागिरांचे हात सोन्याचे. तरी मला वाटतं, एखादा कोपरा शाळेच्या काळातला जसाच्या तसा राखायला हवा होता. तोफांच्या जोरावर नाही, मुलांना निजायला जागा हवी होती म्हणून ही नौका भंगारात जायची वाचली.