अर्थ मिळत नाही

जुन्या गाडीचा दिवा लागला नाही की माणूस आधी बल्ब बदलतो. बल्ब बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो.

आमची फियाट १९७१ सालची, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. पुढे हीच गाडी पद्मिनी नावाने घरोघर पोचली. आमच्या हिचा डावा हेडलाइट लख्ख, तर उजवा तुपाच्या निरांजनासारखा. शिवाय उजवीकडचा इंडिकेटर दिला की मागचा लाल दिवाही त्याच्या तालावर मिचकायचा. आमच्या वायरमनने बॉनेट न उघडताच निकाल दिला, “अर्थ मिळत नाही.”

बॅटरीपासून दिव्यापर्यंत वायर जाते. परतीला बहुतेक ठिकाणी वायर नसतेच. वीज गाडीच्या पत्र्यातूनच माघारी येते. या परतीच्या वाटेलाच वायरमन ‘अर्थ’ म्हणतात, इंग्रजीतला अर्थ. दिवा आणि पत्रा यांना जोडणारा एखादाच स्क्रू, आणि त्याखाली पन्नास पावसाळ्यांचा गंज. वाट अडली की वीज शेजारच्या दिव्यातून पळवाट काढते, म्हणून ते मिचकणं. फिलामेंटच्या बल्बचा हिशोबही निर्दयी. व्होल्टेज १० टक्के घसरलं तर उजेड जवळजवळ ३० टक्के घटतो, आणि १२ व्होल्टच्या गाडीत गंजापायी सव्वा व्होल्ट सहज हरवतो. उपाय म्हणजे काचकागदाने पत्रा घासायचा, वायरीला नवं टर्मिनल लावायचं, स्क्रू आवळून वर ग्रीस चोपडायचं.

फ्यूज तर नाटकीच. दोन्ही टोकांना निमुळता, चिनीमातीच्या अंगावर धातूची बारीक पट्टी. पट्टी शाबूत दिसते, पण टोकांवर काट चढलेला. बोटाने जागच्या जागी फिरवला की दिवा लागतो आणि आपल्याला उगाच वाटतं की आपल्याला इलेक्ट्रिकचं काम येतं. रिफ्लेक्टर काळवंडला असेल तर मात्र हात आवरावा. पितळेची भांडी घासायचं पॉलिश त्यावर चालवलं की उरलासुरला मुलामाही निघून जातो.

दुरुस्ती अशी स्वस्त. महाग पडतात ते सुटे भाग.

मुंबईत टॅक्सी म्हणजे फियाट होती तेव्हा हे भाग नाक्यावर मिळत. टॅक्सी रोज ठोकल्या जात, रोज काचा फुटत, म्हणून कोणीतरी त्या रोज बनवत असे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला मुदत २० वर्षांची, ती २०२३ च्या ऑक्टोबरात संपली. वर्तमानपत्रं गहिवरली, लोकांनी फोटो काढून घेतले. मला काळजी पडली ती मागच्या दिव्याच्या काचांची. गाडी रस्त्यावर राबत होती तोवर तिला कोणी विचारत नव्हतं आणि तिचं सगळं मिळत होतं. कौतुक सुरू झालं आणि काचा गायब झाल्या.

आता कुर्ल्याचा सीएसटी रोड, ऑपेरा हाउसची दुकानं, चोरबाजार आणि पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार असं फिरायचं. सोबत फुटका तुकडा न्यायचा, कारण वर्णनावर मिळते ती नेहमी दुसऱ्याच गाडीची काच. ‘फियाटची आहे का?’ एवढंच विचारायचं; व्हिंटेज हा शब्द काढला की दुकानदार आधी आपले बूट बघतो, मग भाव सांगतो. डुप्लिकेट काच ओळखू येते. तिचा लाल रंग गुलाबीकडे झुकतो आणि स्क्रूचं भोक केसभर सरकलेलं असतं. ते कानशीने मोठं करावं लागतं, त्यात निम्म्या काचा तडकतात.

भाच्याला हा खटाटोप पटत नाही. “मामा, एलईडी लावून टाका ना.” त्याला २०२१ चा केंद्रीय नियम ऐकवला. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटली की गाडी व्हिंटेज, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, पण गाडी मूळ रूपातच हवी. शिवाय इंडिकेटर मिचकवणारा जुना फ्लॅशर बल्बच्या करंटने तापणाऱ्या पट्टीवर चालतो. एलईडी इतका कमी करंट घेतो की पट्टी धड तापतच नाही, मग इंडिकेटर मिचकणार कसा?

“मग हात बाहेर काढून दाखवा.”

“तो तर इंडिकेटर चालू असतानाही दाखवतो. मागचे रिक्षावाले दिव्यावर विश्वास ठेवत नाहीत.”