तुम्ही विचारलंत म्हणून: जर्मनीत रस्सा करायचा तर दुकानात काय मागायचं?

कोल्हापुरातून पोरं शिकायला जर्मनीला निघाली की घरची माणसं हमखास विचारतात: चटणी इथनं द्यायची, की तिथं सगळं मिळतं? बहुतेक सगळं मिळतं. पण नाव ओळखीचं वाटतं आणि पिशवीत भलतंच येतं.

चटणी मात्र इथनंच द्या. ब्याडगीचा रंग, संकेश्वरीचा झणका आणि कांदा-लसूण घालून डंकावर कांडलेली चटणी तिथल्या साध्या दुकानात नसते. कांदा पुरता कुरकुरीत झालेला हवा. ओल राहिली तर बुरशी धरते. खोबरं-तिळामुळं ती खवटही होते, म्हणून पोचल्यावर आठवड्यापुरती बाहेर ठेवावी, बाकीची फ्रीजरमध्ये.

संपलीच, तर ‘चिलीपुल्व्हर’ लगेच उचलू नये. पाकिटामागं ‘त्सुटाटन’ लिहिलेलं असतं, म्हणजे घटक, ते आधी वाचावं. पुष्कळदा त्यात जिरं, ओरेगॅनो, लसूण मिसळलेला असतो. रंगासाठी ‘पाप्रिका एडेलझ्यूस’ घ्यावी, तिखटासाठी ‘कायेनफेफर’. फेफर म्हणजे मिरे, तरी हे मिरचीचंच तिखट. चौघांच्या तांबड्या रश्श्याला चहाच्या चमच्यानं तीन चमचे पाप्रिका आणि एक चमचा कायेन. पाप्रिकात साखर जास्त, कडक तेलात ती क्षणात करपते आणि रस्सा कडवट होतो. पातेलं खाली उतरवून मगच घालायची. ओली तिखट मिरची हवी तर ‘पेपेरोनी’ मागायची. हाच शब्द इटलीत ढोबळी मिरचीला आहे आणि अमेरिकेत पिझ्झावरच्या सॉसेजला.

सगळ्यात जास्त फसगत होते ती जिऱ्यात. शब्दकोशात ‘क्युमेल’ दिसतं, माणूस तेच घेतो. दाणेही जिऱ्यासारखेच दिसतात, फक्त जरा काळपट आणि कोयत्यासारखे वाकलेले. ते तिकडं पावात आणि कोबीत घालतात. फोडणीत पडले की त्यांचा उग्र वास रश्श्यातून काही केल्या जात नाही. आपलं जिरं म्हणजे ‘क्रॉइत्सक्युमेल’. पाकिटावर हा पूर्ण शब्द असल्याशिवाय घेऊ नका.

खसखस मागितली की दुकानदार ‘कुसकुस’ हातात देतो, म्हणजे गव्हाच्या रव्याच्या कण्या. खसखशीला तिथं ‘मोन’ म्हणतात, पण ती निळसर काळी असते आणि वाटली की पांढरा रस्सा राखाडी होतो. त्यापेक्षा पंधरा-वीस काजू गरम पाण्यात अर्धा तास भिजवून दोन चमचे पांढऱ्या तिळाबरोबर गंधासारखे वाटा. दाटपणा येतो, रंगही राहतो. नारळाचं दूध शेवटी, मंद आचेवर. खळखळून उकळलं तर फुटतं. इथनं खसखस देणार असाल तर आधी तिकीट बघा. संयुक्त अरब अमिरातीत तिला कायद्यानं बंदी आहे, आणि दुबईला विमान बदलणारे पुष्कळ असतात. सिंगापूरमार्गे जाणार असेल तरीही देऊ नका.

तूप आणि पेढे सामानात घालू नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आत नेता येत नाहीत. ताजा कढीपत्ता, हिरव्या मिरच्याही अडतात. तुपासाठी तिथं ‘बुटरश्माल्त्स’ मिळतं, ते चांगलं असतं. नुसतं ‘श्माल्त्स’ लिहिलेलं असेल तर ती बहुधा डुकराची चरबी. शाकाहारी घरातल्या पोरांना हे निघण्याआधीच नीट सांगून ठेवा.

खाण्याचा सोडा म्हणजे ‘नाट्रोन’. ‘सोडा’ नावानं साफसफाईच्या फळीवर असतो तो धुण्याचा. तो भज्यात पडता कामा नये.

मटणाला तुर्की खाटकाकडं जावं. बोकड क्वचितच मिळतं, ‘लाम’ म्हणजे कोकरू मात्र नेहमी असतं. ते आपल्या मटणापेक्षा लवकर शिजतं, म्हणून कुकरला दोन शिट्ट्या कमी करा. चरबीचा वासही जास्त असतो. मटण शिजवलेलं अळणी पाणी गार करून वर साकळलेला थर काढून टाकायचा, मग त्याच पाण्याचा पांढरा रस्सा करायचा.