मिरचीचे माहेर
आज नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरकडच्या एका मिरची सातऱ्यावर, म्हणजे मिरच्या पसरून त्यांचे देठ काढतात त्या जागी, तोंडाला पदर बांधून देठ खुडणाऱ्या बायांजवळ दुपारभर बसलो होतो. ज्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि जिच्यावर इथल्या कितीतरी घरांची चूल पेटते, ती मुळात अमेरिका खंडातली असून १४९८ नंतर आलेल्या पोर्तुगीजांच्या जहाजांतून भारतात पोहोचली, हे मी सांगितले तेव्हा सगळ्यांचे हात क्षणभर थांबले. त्याआधी आपल्याकडे तिखटपणा मुख्यतः काळ्या मिऱ्याचा होता. त्या मिऱ्याचे संस्कृत नाव ‘मरीच’, आणि त्याच नात्यातला ‘मिरची’ हा शब्द आपण या पाहुणीला दिला. जुन्या चवीचे नाव नव्या फळाला देणारी आपली भाषा मला फार मोठ्या मनाची वाटते.

एक आजी म्हणाल्या, “बाप्पा, मंग पोपटाले कशी तिखट लागत नाही?” प्रश्न अगदी नेमका होता. तिखटपणा आणणाऱ्या कॅप्सेसिनची जळजळ पक्ष्यांना जाणवतच नाही; ते मिरची खातात आणि विष्ठेतून तिचे बी दूरवर पसरवतात. हा तिखटपणा सर्वाधिक असतो तो बियांत नव्हे, तर त्यांना धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या गाभ्यात. आजींनी लगेच एक मिरची उभी चिरून तो गाभा सर्वांना दाखवला.