आम्ही तिघं एकत्र राहावं म्हणून - माझा अनुभव

अनाथ भावंडांवरचे सिनेमे मी बघते, पण त्यातला कोर्टाचा सीन आला की मला राहवत नाही, कारण तिथे एका सुनावणीत सगळं सुटतं. खऱ्या आयुष्यात ते कसं होतं ते लिहिते, कुणाला तरी उपयोग होईल.

2021 मध्ये हायवेवरच्या अपघातात आई-पप्पा दोघंही गेले. मी 21 ची, भाऊ 14 चा, छोटी 9 ची. पप्पा कुपवाड एमआयडीसीत कामाला होते, गावाकडे थोडी जमीन. तेराव्याच्या दिवशीच घरातल्या मोठ्यांनी बसून ठरवलं की मुलगा काकांकडे, छोटी मावशीकडे, आणि माझं वर्षभराच्या आत लग्न. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं हे मी आजही सांगते, काका तर तेव्हा स्वतःच कर्जात होते, तरी "पोराला मी बघतो" म्हणाले. पण छोटी त्या रात्री मला विचारत होती, ताई दादा शाळेला कुठनं जाणार, आणि मला काही उत्तर देता येईना.

सगळ्यात आधी कळलं ते हे की मी सख्खी मोठी बहीण असले तरी कायद्याने त्यांची पालक नाही. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणजे बाप नाहीतर आई, बहीण-भाऊ त्यात येतच नाहीत. बँकेत छोटीचं खातं उघडायला गेले तर कोर्टाची ऑर्डर आणा म्हणाले. तलाठ्याकडे वारस नोंद घातली तेव्हा सातबाऱ्यावर दोघांच्या नावापुढे अ.पा.क. (अज्ञान पालन कर्ता, म्हणजे लहान मुलांच्या वतीने बघणारा) म्हणून कुणाचं नाव टाकायचं इथे गाडी अडली, काकांचं टाका असं सगळेच म्हणत होते. मी म्हटलं माझं टाका. तिथे पहिल्यांदा घरात आवाज चढले.

मग एका शिक्षिका बाईंनी सांगितलं की बाल कल्याण समितीकडे जा, आधार नसलेल्या मुलांनी कुठे राहायचं ते ही सरकारी समिती ठरवते. मला भीती होती की तिथे गेलं की मुलांना उचलून बालगृहात टाकतील, आणि बालगृहं मुलांची वेगळी मुलींची वेगळी, म्हणजे ताटातूट नक्की. पण तसं झालं नाही. जेजे कायदा, म्हणजे मुलांच्या काळजी आणि संरक्षणाचा बाल न्याय कायदा, 2015 चा, त्यात मुलाला शक्यतो स्वतःच्या कुटुंबातच ठेवायचं आणि संस्था हा शेवटचा उपाय असं स्पष्ट लिहिलंय, हे समितीतल्या मॅडमनी मला शांतपणे समजावलं. गृहभेटीला एक ताई आल्या, त्यांनी भांडी, संडास, मुलं झोपतात कुठे, मी कमावते किती, शेजारी कोण, सगळं बघितलं. समितीसमोर भावाला विचारलं तुला काय वाटतं, तर तो म्हणाला मी शाळा सोडून गॅरेजला जातो पण आम्हाला वेगळं करू नका. मॅडम त्याला म्हणाल्या, "शाळा सोडायची नाही, ही आमची अट." ते वाक्य मी अजून विसरले नाही.

तिथूनच बाल संगोपन योजना लागली. तेव्हा एका मुलाला महिन्याला 1100 मिळायचे, नंतर 2250 झाले. पैसे वेळेवर येतात असं अजिबात नाही, कधी कधी अनेक महिने थांबतात आणि मग एकदम येतात, त्यामुळे किराण्याचा हिशोब त्यावर धरू नका, फीचा धरा. कोविडमध्ये आई-वडील गेलेल्या मुलांसाठी त्याच वर्षी सरकारने 5 लाखांची ठेव जाहीर केली होती, आमचा अपघात असल्याने ते लागू नव्हतं. दुःख तेच होतं, पण नियम नियम असतो.

कोर्टाचं काम सगळ्यात लांबलं. 1890 चा पालक आणि पाल्य कायदा, त्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज. वकिलाची फी कुठून आणणार म्हणून मी गप्प होते, तेवढ्यात कळलं की बायकांना आणि मुलांना उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. हे कुणीच सांगत नाही, कृपया सांगत जा. अर्जात जवळच्या नातेवाईकांची नावं, मुलांची मालमत्ता सगळं द्यावं लागतं, मग नोटिसा निघतात. काकांना नोटीस गेली आणि त्यांना वाटलं मी त्यांच्यावर केस केली. तेव्हा आत्याने मध्ये पडून समजावलं की ही नुसती हरकत आहे का विचारायची पद्धत आहे. काकांनी ना हरकत दिली, सही करताना रडले.

एक गोष्ट मात्र मी हट्टाने केली, दोघांचा अर्ज एकाच वेळी, एकाच कोर्टात लावला. कुणी म्हणत होतं आधी मुलाचं करून घे, छोटीचं बघू नंतर. मी नाही ऐकलं, कारण "नंतर" म्हटलं की मावशीकडची बॅग पुन्हा भरली गेली असती. जजसाहेबांनी भावाशी चेंबरमध्ये बोलून घेतलं, समजण्याएवढं वय असेल तर मुलाची इच्छा कोर्ट विचारात घेऊ शकतं. ऑर्डर माझ्या नावाने झाली, पण मुलांच्या हिश्श्याची जमीन कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही. मला ते बरंच वाटलं, कारण तोपर्यंत विकून टाका सांगणारे रोज येत होते. अपघाताच्या क्लेममध्येही दोघांचा हिस्सा 18 पूर्ण होईपर्यंत एफडीत ठेवायचा आदेश झाला.

पप्पांच्या पीएफचं पण बघा, बरेच लोक नुसती रक्कम काढून मोकळे होतात. ईपीएस 95 म्हणजे पीएफसोबतची कर्मचारी पेन्शन योजना, त्यात अनाथ पेन्शन असते, 25 वर्षांपर्यंत, पण एका वेळी दोघांनाच आणि मोठ्यापासून धाकट्याकडे. म्हणजे आधी मला आणि भावाला, छोटीला नाही. किमान 750 रुपये, रक्कम छोटीच पण दर महिन्याला येते.

भावाला यंदा 18 पूर्ण झाली, डिप्लोमाला आहे, त्याचं बाल संगोपन थांबलं. शिक्षण आणि नोकरीतल्या 1 टक्का अनाथ आरक्षणासाठी प्रमाणपत्र लागतं, त्याचा अर्ज केलाय. मलाही 25 झाली, त्यामुळे माझी पेन्शन बंद होऊन छोटीला सुरू व्हायला हवी, तिचा फॉर्म मागच्या आठवड्यात भरून दिलाय.