गुलबक्षी क्रॉस लॉग: एफ2 फुलली एकदाची

मंडळी, मागच्या अपडेटमध्ये लाल आणि पांढऱ्या गुलबक्षीच्या क्रॉसची (संकराची) एफ1, म्हणजे पहिल्या पिढीची, सगळीच्या सगळी गुलाबी रांग दाखवली होती, आता तिच्या सेल्फ (स्वतःच्याच परागानं धरलेल्या) बियांची एफ2, म्हणजे दुसरी पिढी, फुललीय. 43 झाडं, त्यात 9 लाल, 24 गुलाबी, 10 पांढरी. काय-स्क्वेअर (अपेक्षित आणि मिळालेल्या आकड्यांतला फरक तपासणारी चाचणी) 0.63 आला, मर्यादा 5.99, म्हणजे लाल:गुलाबी:पांढरी 1:2:1 मध्ये आरामात बसतंय. बारावीला अपूर्ण प्रभाविता (संकरितात दोन्ही पालकांच्या मधलं रूप दिसणं) शिकताना मिराबिलिस जलापा म्हणून जी येते ती हीच आपली कुंपणाकडेची गुलबक्षी, आणि हिचं बरं म्हणजे गुलाबी दिसलं की संकरित हे तिथंच कळतं, वाटाण्याचं उंच झाड शुद्ध का संकरित बघायला पुढची पिढी लावत बसावं लागतं तसं नाही.

पण एका फुलाला एकच बी. वाटाण्याच्या एका शेंगेत जेवढे दाणे मिळतात तेवढ्यासाठी इथं तेवढी फुलं हाताळायची, त्यामुळं आकडा वाढवणं जीवावर येतं.

हातानं क्रॉस कसा करायचा ती पद्धत काहींनी विचारली होती, ती सांगतो. आमच्या सांगलीच्या विश्रामबागेत फुलं साडेचार-पाचला उमलतात, म्हणून दुपारीच फुगलेली कळी घ्यायची, नखानं नळी उभी चिरायची आणि पाची पुंकेसर परागकोश फुटायच्या आत चिमट्यानं काढायचे, मधला कुक्षीवाला दांडा मात्र हलवायचा नाही. वर मलमलची पिशवी. संध्याकाळी दुसऱ्या रंगाचं ताजं फूल आणून परागकोश थेट कुक्षीवर टेकवायचा, ब्रशची गरजच नाही कारण हिचे परागकण एवढे मोठे की नुसत्या डोळ्यांना पिवळे ठिपके दिसतात. मग देठाला रंगीत दोरा. झड लागली असेल तर त्या दिवशी नादच सोडा, पराग भिजला की फुकट. आणि चट्टेपट्टेवाली झाडं पालक म्हणून घेऊ नका, उड्या मारणाऱ्या (गुणसूत्रावर जागा बदलणाऱ्या) जीन्समुळं एकाच झाडावर दोन रंग येतात आणि मोजायचं काय हाच प्रश्न.

शेजारचे काका म्हणतात, फुलं कसली करतोय, सांगलीत राहून हळदीचं क्रॉस कर की! काका, हळदीत गुणसूत्रं 63, म्हणजे 21 चे तीन संच, मिऑसिसला (परागकण-बीजांडं बनतानाच्या पेशीविभाजनाला) जोड्याच नीट लागत नाहीत, म्हणून बी सहसा धरत नाही आणि शेतकरी गड्डेच लावतो.

मिऑसिसमध्ये गुणसूत्रांच्या जोड्या सुटताना बघायच्या म्हणून सध्या कांद्याच्या डेंगळ्यांच्या मागं लागलोय, कारण गुलबक्षीची 58 बारीक गुणसूत्रं माझ्या जुन्या मायक्रोस्कोपला झेपत नाहीत. कांद्याला 16, तीही जाडजूड. मुळाच्या टोकाला मायटोसिस (वाढीचं साधं पेशीविभाजन) सगळेच बघतात, पण गोंड्यातल्या बारक्या हिरव्या कळ्या सकाळी अल्कोहोल आणि ॲसिटिक ॲसिडच्या 3:1 मिश्रणात टाकून नंतर परागकोश ॲसिटोकार्मिनमध्ये (गुणसूत्रं रंगवणाऱ्या द्रावणात) चेपला की 8 जोड्या मधोमध उभ्या दिसतात, आणि नशीब असेल तर शेजारच्याच पेशीत त्या दोन टोकांना निघालेल्या. गुलबक्षीतही लाल-पांढऱ्याचे जीन्स वेगळे होतात ते नेमके याच टप्प्यावर! जुन्या, पिवळट कळ्या घेऊ नका, त्यात नुसते तयार परागकण सापडतात.

पुढचा बेत पांढऱ्या-हिरव्या पानांच्या गुलबक्षीचा. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कोरेन्सनं 1909 मध्ये दाखवलं की तिथं पराग कुठल्याही फांदीचा घाला, रोपाचं पान आईच्या फांदीवर जातं, कारण हरितलवकं (पानाला हिरवा रंग देणारे पेशीतले कण) बीजांडाकडून येतात. तसलं झाड मिरज, तासगाव, कुठंही कोणाकडे असेल तर सांगा, कंद न्यायला मी येतो, बदल्यात एफ2 च्या गुलाबीचं बी देईन.